बुडाचे आटे: ठासणीच्या बंदुकीला वंगण हवं की सील?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

 

आजची गोष्ट आमच्या घरातल्या ओटीवरून सुरू होते. शहापूर तालुक्यात, माहुलीचे सुळके जिथून दिसतात तिथलं आमचं गाव. मागच्या पावसाळ्यानंतर मी घरी गेलो, तर ओटीवर काका बसलेले. मांडीवर आजोबांची ठासणीची बंदूक, एका हातात पाना, बाजूला गॅसची शेगडी, आणि खिशात नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप.

मी विचारलं, "काका, काय चाललंय?"

म्हणाले, "बाबा सांगायचे ना, बुडातनं धूर येतो म्हणून. ते बूच खोलतो, टेप गुंडाळतो, परत आवळतो. गळायचं बंद. डुकरांनी भाताची वाट लावलीय रं. एक बार काढला तरी पळतात."

"आणि शेगडी?"

"बूच जाम झालंय. जरा तापवलं की सुटंल."

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. उलट मला प्रश्न आवडला. बुडाच्या आट्यांना ग्रीस लावायचं की टेप लावून ते सील करायचे? मी म्हटलं, "थांबा, वाचून सांगतो." त्या थांबण्यामुळेच आज हा भाग होतोय. का, ते शेवटी सांगतो.

ही बंदूक घरात आली कशी?

शहरातल्या श्रोत्यांना पहिला प्रश्न हाच पडेल. शेतकऱ्याच्या घरात बंदूक कशी?

आपला हा डोंगरपट्टा, म्हणजे शहापूर, मुरबाड आणि वर घाटमाथ्याचं अकोले-जुन्नर, एकेकाळी सरकारला नकोसा वाटणारा मुलूख होता. महादेव कोळ्यांचा बंडकरी राघोजी भांगरे याच डोंगरांत इंग्रजांना चकवत फिरला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. पुढे १८५७ झालं, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने हत्यार बाळगायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला. मग १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला.

या नव्या कायद्याच्या कलम १३ मध्ये आपल्यासारख्या घरांची आठवण ठेवलेली आहे. पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना मागितला तर तो ठासणीच्या बंदुकीसाठी द्यावा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. म्हणजे जगात रायफली, मशिनगनी, क्षेपणास्त्रं आली तरी भारतातला शेतकरी दीडशे-दोनशे वर्षं जुन्या पद्धतीचं हत्यार बाळगतो, याला कारण नुसती गरिबी नाही. कायद्यानेच ते त्याच्यासाठी राखून ठेवलंय. एक बार काढला की परत भरायला वेळ लागतो, म्हणून ते कमी धोक्याचं समजलं गेलं.

आजोबांचा परवाना याच प्रकारातला. भात पोटरीला आलं की माळ्यावर रात्र काढायची आणि डुकरांची चाहूल लागली की नुसता दारूचा बार हवेत काढायचा. शिकारीसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा गुन्हाच आहे, आणि आजोबा त्या बाबतीत भित्रे होते. परवाना गेला तर राखण गेली, एवढं साधं गणित.

बूड म्हणजे काय?

आता थोडं तंत्र. घाबरू नका, सोपं आहे.

ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडाकडून जातं. आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, वरून परत चिंधी. गजाने ठासायचं, म्हणून ठासणीची. मागे एक बारीक भोक असतं, त्यातून ठिणगी आत जाते. आधी तोड्याची, म्हणजे जळत्या वातीची, नंतर चकमकीची, एकोणिसाव्या शतकात केपाची.

म्हणजे नळीचं मागचं टोक कायमचं बंद हवं. मग ती एका बाजूने बंदच का बनवत नाहीत, पेल्यासारखी? कारण लांब नळी आतून सरळ आणि गुळगुळीत करायची तर हत्यार आरपार जावं लागतं, आणि डोळा लावून आरपार बघावंही लागतं. म्हणून आधी दोन्हीकडून उघडी नळी करायची आणि मग मागून बूच बसवायचं. हे बूच स्क्रूसारखं. त्याला बाहेरून आटे, नळीला आतून आटे.

बार उडाला की दारूचा धूर गोळीला जेवढ्या जोरात पुढे ढकलतो, तेवढ्याच जोरात या बुचाला मागे ढकलतो. आणि बुचाच्या मागे काय असतं? नेम धरणाऱ्याचा डोळा.

आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर खाली येतं, तेव्हा नळात साधारण चौदा पीएसआय दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस. ठासणीच्या बंदुकीच्या बुडाशी क्षणभर हजारो पीएसआय दाब येतो. नळाची टेप आणि बंदुकीचं बूच यांची तुलना इथेच संपते. पण इतिहास इथून पुढे सुरू होतो.

एका स्क्रूसाठी वर्षभर थांबलेलं बेट

१५४३. जपानच्या दक्षिणेला तानेगाशिमा नावाचं छोटं बेट. वाट चुकलेल्या एका जहाजातून काही पोर्तुगीज तिथे उतरले. त्यांच्याकडे बंदुका होत्या. तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला सांगितलं, "अशीच बनव."

लोहार होता याइता किन्बेई, तलवारी घडवणारा. जपानी तलवार घडवणाऱ्याला लोखंड काय कठीण? नळी जमली, चाप जमला. अडलं ते बुडाशी. नळीच्या आतून आटे कसे पाडायचे, हे त्याला उमगेना. तिकडच्या कारागिरांना स्क्रूची ओळखच नव्हती. दुसऱ्या वर्षी पोर्तुगीज परत आले, त्यांच्यासोबत एक लोहार होता, त्याने ते शिकवलं आणि गाडी पुढे सरकली. या विद्येच्या बदल्यात किन्बेईने आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली, अशी दंतकथा त्या बेटावर आजही सांगतात.

पुढच्या काही दशकांत जपानमध्ये बंदुकांचा सुकाळ झाला. गंमत म्हणजे त्यांनी बूच खोलता येईल असंच ठेवलं. खोला, धुवा, परत बसवा. म्हणजे त्यांच्यासाठी आपल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: जे खोलायचंय त्याला वंगण.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे बंदूक जपानच्या आधीपासून होती. अकबराच्या काळात अबुल फजल 'आईन-इ-अकबरी'त लिहितो, की पूर्वी नळ्या फुटायच्या, म्हणून पाव भागाहून जास्त दारू भरता येत नसे. मग लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीसारखी तिरकी गुंडाळून, ताव देऊन नळ्या घडवायची पद्धत आली. आता तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाही, असं तो अभिमानाने सांगतो. थोडं दरबारी कौतुक वजा करा, पण मुद्दा खरा आहे. नळी घडवण्यात आपले लोहार पुढे होते.

आट्यांची गोष्ट वेगळी. सतराव्या शतकातल्या आपल्या कारागिरीबद्दल इतिहासकारांनी एक मजेदार गोष्ट नोंदवली आहे. आटे कोरून पाडायला चांगली लेथ नव्हती, म्हणून कित्येकदा खिळ्याभोवती तार गुंडाळून ती डाखायचे. झाले आटे! दिसायला स्क्रू, पण घट्टपणा बेताचा. असा स्क्रू दागिन्याच्या डबीला चालेल, बुडाला कसा चालणार? म्हणून कित्येक जुन्या देशी नळ्यांचं बूड आट्यांवर सोडलेलंच नसे. लोखंडाचा तुकडा ताव देऊन, ठोकून, नळीशी एकजीव करून टाकायचा. ना ग्रीस, ना सील. उघडायचा विषयच नाही.

आमच्या कोकणपट्टीचे हेटकरी मराठी फौजेत बंदूकधारी म्हणून नावाजलेले होते. माहुलीसारख्या किल्ल्यावर शिबंदी असायची. हा किल्ला १६३६ मध्ये शहाजीराजांनी लढवला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेला आणि १६७० मध्ये परत घेतला. या सगळ्या काळात तटावर उभ्या असलेल्या माणसाच्या गालाशी जे बूड टेकलेलं असे, त्याचा भरवसा कुठल्यातरी लोहाराच्या घणावर होता.

अठराव्या शतकाच्या शेवटी चित्र बदललं. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली युरोपी नमुन्याच्या बंदुका बनू लागल्या. एक बंदूक साधारण दहा रुपयांना पडायची. अशा बंदुकीत बुडाचं बूच आट्यांचं, त्याला मागे शेपटीसारखी पट्टी, आणि ती पट्टी स्क्रूने लाकडी दस्त्याला बांधलेली. आजोबांची बंदूक याच घराण्यातली, फक्त केपाची.

वंगणाने पेटलेलं वर्ष

वंगणाचा विषय निघालाय तर १८५७ टाळता येत नाही. शाळेत आपण 'चरबीची काडतुसं' पाठ करतो. पण चरबी लागायची कशाला, हे कोणी सांगत नाही.

एनफिल्ड रायफलसुद्धा ठासणीचीच होती. तिच्या नळीत पीळ असलेल्या खाचा होत्या, गोळी घट्ट बसायची. दोन-चार बार झाले की नळीत काळी कीट साचते आणि पुढची गोळी उतरत नाही. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी. गोळी सरकते आणि कीटही मऊ राहते. गाय-डुकराच्या चरबीची बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमला फुटली. त्याच महिन्यात सरकारने सांगून टाकलं, की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. मेण आणि तेलाचं मिश्रण चालेल अशी चर्चा झाली. पण विश्वास उडालेला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला.

मला यातून एवढंच दाखवायचंय, की मेण-तेल काय, चरबी काय, त्या काळच्या माणसांना काळ्या दारूची कीट हा रोजचा शत्रू होता. आणि तीच कीट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

तर मग उत्तर काय?

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन धूर न होता घन राखेच्या रूपात मागे उरतं. या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. आता शहापूर-मुरबाडचा पाऊस आठवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे आट्यांच्या फटीत शिरलेल्या खारट राखेचं काय होत असेल? ती ओली राहते आणि लोखंड खात बसते.

आता दोन बाजू ऐका.

वंगणवाले म्हणतात: आट्यांत ग्रीस भरलं तर फटीत राख आणि पाणी शिरायला जागा राहत नाही, आणि बूच जाम होत नाही. बरोबर. अमेरिकेत १९८५ मध्ये टोनी नाईट यांची एमके-८५ नावाची नव्या धाटणीची ठासणीची बंदूक आली. तिचं बूच दर वेळी काढून साफ करायचं असतं. तिथे हा वाद रंगतो, आणि तिथे तापमान सोसणारं, धातूची पूड असलेलं ग्रीस लावणं हेच शहाणपण ठरलंय.

सीलवाले म्हणतात: आट्यांतून धूर गळतो, तो अडवा. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मेख इथे आहे. आट्यांचं काम धूर अडवणं नाहीच. आट्यांचं काम जोर झेलणं. धूर अडतो तो बुचाचं तोंड नळीच्या आतल्या काठावर लोखंडाला लोखंड भिडून घट्ट बसतं म्हणून. ते नीट बसलं असेल तर धूर आट्यांपर्यंत पोचतच नाही. पोचत असेल तर जोड बिघडलाय. टेफ्लॉन तीनशे सत्तावीस अंशांना वितळतं आणि जळत्या दारूची धग त्याच्या कितीतरी पट. टेप गळती थांबवणार नाही. फार तर चार बार ती लपवेल.

बुडातून येणारा धूर हा बंदुकीचा खोकला आहे. खोकल्याचं औषध म्हणून तोंडावर पट्टी चिकटवायची का?

आणि जुन्या, आजोबांच्या पिढीतल्या बंदुकीचं काय? ते बूच घरच्या माणसाने खोलायचंच नाही. ते एकदाच बसवलेलं असतं. पाव फेरा इकडेतिकडे झाला तरी मागची पट्टी दस्त्यावर बसत नाही, आणि बसवलीच तर तोंड काठाला भिडत नाही. तिची निगा बाहेरून: बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, तेलाचा हात द्यायचा. आजोबा हेच करायचे. आजी चुलीवर पाणी ठेवायची आणि वैतागायची, "माणसांना नाय गरम पाणी, बंदुकीला हाय."

काकांच्या शेगडीचं काय झालं

आता राहिलेली गोष्ट.

मी वाचून काकांना सांगितलं, की खोलू नका, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊ. हे कायद्यानेही भाग आहे. शस्त्र दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. गावच्या लोहाराने हात लावला तर तोही अडकतो आणि आपणही. काका कुरकुरले. "एका बुचापायी एवढ्या लांब?" पण आले.

दुरुस्तीवाले चाचा म्हातारे होते. त्यांनी बूच पाहिलंच नाही. आधी नळीत गज घातला, तोंडाशी गजावर बोटाने खूण धरली, बाहेर काढला आणि तोच गज नळीच्या बाहेरून शेजारी धरला. गजाचं टोक बुडापर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

चाचांनी काकांकडे पाहिलं. "भरलेली आहे."

दुकानात कोणी बोललं नाही. आजोबा २०१९ ला गेले. म्हणजे तो बार त्याच्याही आधीचा. परवाना काकांच्या नावावर झाला. २०१९ आणि २०२४ च्या निवडणुकांच्या वेळी बंदूक जमा झाली आणि परत आली. भिंतीवर टांगली गेली. पोरांनी हातात घेऊन फोटो काढले. मीही काढलाय. फोनमध्ये आहे अजून. आणि काका ती शेगडीवर तापवणार होते.

काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. बूड तापवलं असतं तर पुढचं मी बोलत नाही.

चाचांनी नळीत तेल ओतून ती भिजत ठेवली, मग पिळाचं टोक लावलेल्या गजाने हळूहळू आतला माल काढला. आधी चिंधी आली. हिरव्या लुगड्याची, काठासकट. काकांनी ती ओळखली, घडी घालून खिशात ठेवली. टेफ्लॉनची टेप होती त्याच खिशात.

मग रिकाम्या नळीचं बूच चाचांनी खोललं. पुढचे आटे उरलेच नव्हते, गंजाचा भुगा. जोर झेलणारे मागचे जेमतेम चार. ते म्हणाले, "ही नळी आता भिंतीची. हिच्यात बार नाही."

परतीच्या गाडीत काका आसनगाव येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बाबांना माहीत असणार. म्हणून शेवटी शेवटी नुसती ठेवून द्यायचे. सांगितलं असतं तर?" मला उत्तर सुचलं नाही. कदाचित सांगितलंही असेल. "बुडातून धूर येतो" हे त्यांचं सांगणंच होतं; आपण ते गळक्या नळासारखं ऐकलं.

काकांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, परवान्याचं पुढे काय करायचं याचा अर्ज दिला. नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्जही केला. यंदा माळ्यावर रात्री पत्र्याचा डबा आणि टॉर्च आहे. डुकरं डब्याला चार दिवस घाबरली, पाचव्या दिवशी नाही. तो प्रश्न सुटलेला नाही, आणि मी तो सुटला असं सांगणार नाही.

तुमच्या घरी, मुरबाडला, जव्हारला, सिंधुदुर्गात, कुठेही अशी जुनी ठासणीची बंदूक भिंतीवर असेल, तर एवढंच करा. ती भरलेली आहे असंच धरून चाला. चाप ओढून बघू नका, बूच खोलू नका, तापवू तर अजिबात नका. परवाना चालू आहे का ते बघा आणि जाणत्या, परवानाधारक माणसाकडून एकदा गज घालून घ्या. ग्रीस की सील, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, शेवटचा बार कधी ठासला होता. विचारताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर, जपून.